‘दोनने भागा’ म्हणजे सिरॅमिकचं डिझाइन नव्हे

चिपळूण-लोटे पट्ट्यातल्या मेंटेनन्सवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘सिरॅमिक पोलादापेक्षा दुप्पट कठीण. कॅटलॉगमधली ताकद घ्या, दोनने भागा, झालं डिझाइन. गंजत नाही, म्हणजे आयुष्यभर टिकतं. फुटलंच तर माल डुप्लिकेट.’ केमिकल प्लँटमधल्या पंपांची सील असोत की होड्या धुणाऱ्या प्रेशर पंपाचे प्लंजर (पाणी ढकलणारे दांडे), हे सिरॅमिकचे पार्ट आपण रोज हाताळतो. म्हणून यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

कठीण? हो, अल्युमिना (अल्युमिनियम ऑक्साइड, या पार्टांचं नेहमीचं सिरॅमिक) कडक केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतं. पण कठीणपणा ओरखडा पडू देत नाही, पडलेली चीर पसरण्यापासून थांबवत नाही. ते काम फ्रॅक्चर टफनेसचं. अल्युमिनाचा हा आकडा (MPa√m या एककात) ३ ते ५ असतो, साध्या पोलादाचा ५० च्या वर. ग्रिफिथ या इंग्लिश इंजिनिअरने १९२१ साली काचेवरच्या कामातून दाखवलं, की ठिसूळ वस्तूची ताकद तिच्यात आधीपासून असलेल्या चिरेवर ठरते. पुढे १९५७ मध्ये अमेरिकेच्या अर्विनने स्ट्रेस (दर क्षेत्रफळावर पडणारा जोर) आणि चिरेची खोली एकाच गणितात बांधली. ३०० मेगापास्कल (स्ट्रेसचं एकक) ताण आणि टफनेस ४ धरा. पृष्ठभागावरची सुमारे ४५ मायक्रॉनची, म्हणजे केसापेक्षाही बारीक चीर पार्ट फोडायला पुरते. टफनेस ६० असलेल्या पोलादात त्याच ताणाला चीर १० मिलिमीटर खोल लागते. ती डोळ्यांना दिसते, पहिली दिसत नाही.

म्हणून सुरुवात कॅटलॉगपासून न करता चिरेपासून करायची. आपल्या तपासणीतून जास्तीत जास्त केवढी चीर निसटू शकते? समजा २०० मायक्रॉन. मग हाच पार्ट साधारण १४० मेगापास्कललाच फुटू शकतो, आणि सुरक्षित स्ट्रेस त्याच्याही खाली धरावा लागतो. कॅटलॉगमध्ये ताकद ३०० लिहिली असेल, तर दोनने भागून १५० येतात. म्हणजे ‘सुरक्षित’ म्हणून धरलेला आकडा फुटण्याच्या आकड्याच्याही वर गेला!

कॅटलॉगमधली ताकद कशाची, हेही बघा. २००० च्या पुढचा आकडा दिसला तर तो दाबाचा असतो, ताणाचा नाही. वाकवून मोजलेली ताकद सहसा ३ बाय ४ मिलिमीटरच्या छोट्या पट्टीची असते, आणि त्या पट्टीचं ग्राइंडिंग मुद्दाम लांबीच्या दिशेने करतात. आपला प्लंजर गोल फिरवून ग्राइंड होतो, म्हणजे त्याचे ओरखडे लांबीला आडवे. प्लंजर जरा वाकला की नेमके तेच उघडतात. शिवाय पार्टातला माल जितका जास्त, तितकी मोठी चीर सापडायची शक्यता जास्त. १९३९ साली स्वीडनच्या वायबुलने याचं गणित मांडलं. त्या गणितातला मॉड्युलस (ताकद पार्टागणिक किती कमी-जास्त होते याचा आकडा; आकडा मोठा तर फरक कमी) १० असेल आणि ताण खाणारं आकारमान पट्टीच्या शंभरपट असेल, तर ताकद ६३ टक्क्यांवर येते. दोनने भागल्यावर छोट्या पट्ट्यांत हजारात एखादी फुटेल, पण एवढ्या मोठ्या पार्टांत शंभरात सहा-सात तरी फुटतील. हे प्रमाण कुठल्याही प्लँटला परवडणारं नाही.

‘आयुष्यभर’ हा दावा तर कोकणात सगळ्यात धोक्याचा. अल्युमिना गंजत नाही, पण ताणाखालच्या चिरेच्या टोकाशी पाण्याचे रेणू बंध तोडतात आणि चीर हळूहळू पुढे सरकते. त्यासाठी पाण्यात बुडवायची गरज नाही, दमट हवा पुरते. ती आपल्याकडे बारमाही आहे. चीर सरकण्याचा वेग स्ट्रेसच्या कितव्या घाताने वाढतो, तो घातांक ३० धरला, तर स्ट्रेस फक्त १० टक्क्यांनी वाढवल्यावर आयुष्य सतराव्या हिश्श्यावर येतं. सिंटर्ड (भुकटी भाजून घट्ट केलेल्या) सिलिकॉन कार्बाइड या दुसऱ्या सिरॅमिकला ओलाव्याचा हा त्रास फारसा होत नाही, म्हणून ‘सिरॅमिक’ म्हणून सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे प्रूफ टेस्ट. प्रत्येक पार्टवर, शक्यतो कोरड्या जागेत, कामाच्या स्ट्रेसच्या दीडपट ताण एकदा द्यायचा आणि झटकन काढून घ्यायचा. मोठी चीर असलेला पार्ट तिथेच फुटतो. जो उरतो, त्यात केवढ्या चिरेपेक्षा मोठी चीर नाही हे गणिताने सांगता येतं. त्यावरून दमट हवेतलं किमान आयुष्यही काढता येतं. यात थोडे पार्ट जातात, खर्च होतो. तरी चालू पंपात फुटण्यापेक्षा ते परवडलं.

राहिला ‘डुप्लिकेट माल’. पुरवठादाराला बोल लावण्याआधी तुकडे जपून ठेवा आणि भिंगाखाली धरा. बारीक कणांच्या मालात चीर जिथून सुटली तिथे गुळगुळीत, आरशासारखा पट्टा दिसतो आणि त्याच्याभोवती बाहेर जाणाऱ्या खरबरीत रेषा. आरसा लहान असेल तर फुटताना ताण जास्त होता. मग नट वाजवीपेक्षा आवळला होता का, पंप कोरडा चालून तापल्यावर एकदम गार पाणी आलं का, हे विचारा. आरसा मोठा असेल आणि त्याच्या मध्यावर पोकळी दिसली, तर तो तुकडा घेऊन पुरवठादाराकडे जरूर जा.