शाकाहारी चिली आणि चमचाभर तेल

वजन कमी करायचे ठरले की ताटातली चव सर्वांत आधी काढून टाकायची, हा प्रकार मला पटत नाही. सकाळ पोह्या-जिलबीने उजाडणाऱ्या आणि रात्र सराफ्याच्या खाऊबाजारात सरणाऱ्या आपल्या इंदूरमध्ये उकडलेल्या भाज्यांवर कोणी फार दिवस तग धरत नाही. म्हणून शाकाहारी चिली या राजम्याच्या दाट, तिखट रश्श्याची शिफारस मी मनापासून करतो. राजमा, टोमॅटो, कांदा आणि सुक्या मिरच्या हा तिचा ऐवज मुळातच हलका आहे. कॅलरी वाढतात त्या आपण ओतलेल्या तेलाने आणि वर किसलेल्या चीजने.

चिलीचे मूळ टेक्सासचे, आणि तिथल्या जुन्या पद्धतीत मांस असते, राजमा नसतो. पण त्या पदार्थाचा कणा सुकी मिरची आणि जिरे हाच आहे, आणि या दोन्ही बाबतींत आपण मुळीच गरीब नाही. निमाडची मिरची खरगोनजवळच्या बेडियाच्या बाजारातून सगळीकडे जाते. तयार तिखट घालण्याऐवजी अख्ख्या मिरच्यांचे देठ काढावेत, बिया झटकाव्यात आणि मंद तव्यावर मिरच्या काही क्षणच परताव्यात. वास सुटून रंग जरा गडद झाला की लगेच उतरवाव्यात, कारण त्या काळ्या पडल्या तर सगळी चिली कडवट होते. मग गरम पाण्यात भिजवून, मऊ झाल्यावर त्यांची गुळगुळीत चटणी वाटावी. ही चटणी असली की पदार्थाला तेलाच्या तवंगाची गरज उरत नाही.

तरीही तेल अजिबात न घालण्याच्या हट्टाला माझा विरोध आहे. मिरचीचा तिखटपणा आणि जिऱ्याचा सुगंध पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. चौघांच्या चिलीला एक मोठा चमचा तेल पुरते. त्याच्या साधारण १२० कॅलरी होतात, म्हणजे माणशी ३०. पळीने अंदाजे ओतलेले तेल मात्र सहज याच्या तिप्पट भरते. जाड बुडाच्या भांड्यात कांदा त्या एका चमच्यावर परतावा आणि बुडाला लागू लागला की पाण्याचा हबका मारावा. सावकाश का होईना, तो छान तांबूस होतो.

राजम्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नको. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात कुकरला तो पूर्ण मऊ शिजवावा. भिजवलेला कच्चा राजमा थेट मंद आचेच्या विजेच्या भांड्यात घालणे धोक्याचे, कारण तेवढ्या उष्णतेने हे द्रव्य नष्ट होत नाही. टोमॅटोही राजमा शिजल्यावरच घालावा, कारण आंबटपणामुळे दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. शिजलेल्या राजम्यातला पळीभर ठेचून परत रश्यात मिसळला की क्रीम किंवा कॉर्नफ्लोअर न घालताही दाटपणा येतो.

माळव्यात राहून सोयाबीनला विसरणे बरे नव्हे. मूठभर सोयाच्या वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून बारीक चिराव्यात. त्यांना खिम्यासारखा चावा येतो आणि प्रथिनेही भरपूर मिळतात. २०० ग्रॅम कोरडा राजमा, ५० ग्रॅम वड्या, अर्धा किलो टोमॅटो, दोन कांदे आणि एक शिमला मिरची एवढ्यात चार जणांचे पोटभर होते, आणि माणशी हिशेब ३०० कॅलरींच्या आसपास राहतो. शेवटी चिमूटभर बिनसाखरेची कोको पावडर घातली तर मिरचीचा तिखटपणा अधिक खोल लागतो. गरम मसाला मात्र कृपया घालू नका. मग तो आपला नेहमीचा राजमाच होतो, तोही चविष्टच, पण ती चिली नव्हे.

आता शेवेचा प्रश्न. इंदूरकराला शेवेशिवाय वाटी अपुरी वाटते हे मी जाणतो, पण शेव म्हणजे तळलेले बेसन, आणि तिची एक मूठ चौघांच्या अख्ख्या चिलीतल्या तेलाएवढ्या कॅलरी आणते. कुरकुरीत काही हवेच असेल तर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि भाजलेल्या भुट्ट्याचे दाणे घ्यावेत, वर लिंबू पिळावे आणि चमचाभर घट्ट दही घालावे. सोबत ज्वारीची भाकरी असली की जेवण पूर्ण होते.