आठ मिनिटांचं काम

स्टेक, म्हणजे तव्यावर भाजलेला मांसाचा जाड तुकडा, करायला आठ मिनिटं लागतात. हे ज्यानं पहिल्यांदा लिहिलं, त्याच्यामागे ओटा आवरायला नक्की दुसरं कोणीतरी असणार. माझी आठ मिनिटं शनिवारी दुपारी तीनला सुरू झाली आणि रविवारी रात्री पावणेदहाला संपली.

निमित्त आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं. बायको म्हणत होती, बाहेर जेवायला जाऊ. मी म्हणालो, "छे! यंदा स्टेक. घरी. मी करणार. वर फ्लेवर्ड बटर!" तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताबडतोब धाकट्या भावाला फोन करून जेवायला बोलावलं. मला वाटलं, कौतुकानं. पुढे कळलं, घरात एक जादा धडधाकट माणूस असलेला बरा म्हणून.

आता आधीच कबूल करून टाकतो. मला शेगडीसमोर स्वस्थ उभं राहता येत नाही. झाकण काढून बघ, आच कमी कर, परत वाढव, उगाच एकदा ढवळ, असं सतत चालू असतं. आणि स्टेकची सगळी कला काहीही न करण्यात आहे. कुठलीही कृती काढून वाचा, दहातल्या आठ सूचनांचा अर्थ 'थांबा' असाच निघतो.

पहिलं थांबणं लोण्यापाशी आलं. लोणी 'मऊ' हवं, 'वितळलेलं' नको. या दोन शब्दांत तास-दोन तासांचं अंतर आहे; मायक्रोवेव्हमध्ये तेच नऊ सेकंदांचं होतं. मी दहा सेकंद ठेवलं. बाहेर आला तो एक तलाव, आणि मधोमध दगडासारखं बेट. मला वाटलं, त्यात काय, परत फ्रीजमध्ये ठेवू, घट्ट होईल. घट्ट झालंही, पण रवाळ. लोणी म्हणजे साधारण ८० टक्के चरबी आणि १६ ते १८ टक्के पाणी यांचा नाजूक समझोता आहे. एकदा वितळवून तो मोडलात की नुसता गारठा देऊन परत जुळत नाही. (इथे बायको स्वयंपाकघरात डोकावून गेली. काही बोलली नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की असं होतं.)

दुसरं पाकीट काढलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसून राहिलो. बोट दाबल्यावर खळगा पडायला लागला तेव्हा त्यात बारीक चिरलेली पार्सली (विलायती कोथिंबीरच म्हणा), किसलेलं लिंबाचं साल, मिरपूड आणि ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या घातल्या. मीठही घातलं. मग पाकीट पाहिलं, तर लोणी मुळातच खारवलेलं होतं. लिंबाचा रस मी एकदम ओतला आणि तो परक्या लग्नात शिरलेल्या माणसासारखा कडेकडेनं फिरत राहिला. आत काही जाईना. तो थेंब थेंब घालून घोटायचा असतो. लसूण सोडला तर या लोण्याला फ्रेंच लोक 'ब्यूर मेत्र दोतेल' म्हणतात, म्हणजे हॉटेलातल्या मुख्य वाढप्याचं लोणी. माझं पाहून तो वाढपी राजीनामा देऊन गेला असता.

मग ते बटर पेपरवर ठेवून त्याची वळी करायची, दोन्ही टोकं गोळीच्या कागदासारखी पिळायची आणि फ्रीजमध्ये गार करायची, की सुरेख गोल चकत्या कापता येतात. माझी वळी नुकताच ससा गिळलेल्या अजगरासारखी झाली. संध्याकाळी बायकोनं फ्रीज उघडला आणि म्हणाली, "अरे, या लोण्याला बुरशी आलीय."

"पार्सली आहे ती!"

"असं होय," ती म्हणाली, आणि दोन बोटांनी उचलून ती वळी दुधापासून लांब सरकवली.

रविवारी संध्याकाळी मांस आणलं. बीफचे रिबआयचे, म्हणजे बरगडीजवळच्या मांसाचे, चार तुकडे, चांगले दीड इंच जाड, चरबीचे पांढरे धागे पसरलेले. पुडक्यात तळाशी लाल पाणी साठलं होतं. मेहुणा आल्या आल्या वाकून म्हणाला, "दाजी, रक्त!" मी त्याला समजावलं की हे रक्त नव्हे, हे पाणी आणि त्यात मायोग्लोबिन नावाचं प्रथिन, त्याचा हा रंग. तो म्हणाला, "बरोबर आहे. पण माझा पूर्ण शिजवा."

मिठाचंही एक गणित असतं. मीठ एक तर अगदी तव्यावर टाकताना लावायचं किंवा किमान चाळीस मिनिटं आधी. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं, मग त्या पाण्यात विरघळतं, आणि मग ते खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं. म्हणजे मीठ लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी वरचा भाग सगळ्यात ओला असतो. मी बरोबर पंधरा मिनिटं आधी लावलं होतं. घाम फुटलेले चार तुकडे आणि घाम फुटलेला मी, एकमेकांकडे बघत होतो. कागदानं टिपून घ्यायला हवं, हे माहीत होतं. टिपायच्या कागदाचं नुसतं नळकांडं उरलं होतं. कालच्या तलावात सगळा कागद संपलेला.

ओलं मांस तव्यावर टाकलं की पाणी उडून जाईपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जायला तयार नसतं. आणि तो खमंग तपकिरी थर जोमानं यायला लागतो १४० अंशांच्या आसपास. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या या प्रक्रियेवर लुई-कामिय मायार या फ्रेंच डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञानं १९१२ साली निबंध लिहिला, म्हणून तिला त्याचं नाव. माझ्या तव्यावर मायार येण्याआधी बराच वेळ नुसती वाफ येत होती. तुकडे राखाडी पडले. मी घाबरून आच वाढवली, आणि बिडाचा तवा तापायला जेवढा आळशी तेवढाच एकदा तापला की हट्टी, हे मला तेव्हा कळलं.

धूर झाला. धुराचा अलार्म वाजला. बायको खुर्चीवर चढून त्याच्याखाली टॉवेल फिरवू लागली, मेहुणा खिडक्या उघडत सुटला (त्याला का बोलावलं होतं ते इथे उमगलं), आणि आमची बारा वर्षांची मुलगी थर्मामीटर हातात घेऊन शांतपणे आकडे पुकारत राहिली. "बाबा, अठ्ठेचाळीस."

मला पंचावन्न हवे होते. मीडियम रेअर, म्हणजे बाहेरून खमंग, आतून गुलाबी. खाली उतरवल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंश चढत राहतं, म्हणून एक्कावन्नला उतरवायचं, असा बेत होता.

"एक्कावन्न, बाबा."

मी ऐकलं. पण हात मोकळा होता आणि हातात उलथनं होतं. मी तुकडा दाबला. चुर्रर्र असा छान आवाज आला. परत दाबला. तो आवाज म्हणजे माझा रस्सा तव्यावर ओतला जातोय, हे कळत असूनही मला थांबवेना. फार मोठ्या आचेनं मांसाची 'छिद्रं बंद' होतात आणि रस आत कोंडला जातो, असं एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानं मांडलं, आणि ते पुढे प्रयोगांनी खोटं ठरलं. पण त्याला दोष कशाला देऊ? निदान तो दाबत तरी नव्हता.

"एकसष्ट. बाबा!"

मग मी सुरीनं चिरून आत पाहिलं. मग दुसऱ्या बाजूनंही पाहिलं. अमेरिकेचं कृषी खातं ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती सांगतं, शेफमंडळी ५५ म्हणतात. माझ्या पहिल्या दोन तुकड्यांनी कोणाचंच न ऐकता ७१ गाठले. तिथवर पोचेस्तोवर स्नायूतलं उरलंसुरलं प्रथिन आवळून पाणी पिळून टाकतं, आणि हाताशी उरतो तो बुटाचा तळवा.

गंमत म्हणजे सगळ्या नियमांपैकी एकच मी प्राणपणानं पाळला: स्टेक एकदाच उलटायचा. तो नियम चूक निघाला. दर अर्ध्या मिनिटाला उलटत राहिलं तर उलट तो आतून जास्त एकसारखा शिजतो. म्हणजे माझ्या चुळबुळीला जिथे रीतसर परवानगी होती, तेवढ्याच ठिकाणी मी हाताची घडी घालून उभा होतो.

आणि त्याच तव्यात, आता काहीतरी चांगलं घडावं म्हणून, मी माझ्या वळीच्या दोन जाड चकत्या टाकल्या. लोण्यातला दुधाचा अंश १५० अंशांच्या आसपास करपू लागतो, आणि तवा तर त्याच्या कितीतरी पुढे होता. क्षणात बेरी झाली, लसूण काळा पडून कडू झाला, पार्सलीची राख झाली. अलार्म दुसऱ्यांदा वाजला. बायको अजून खुर्चीवरच होती. म्हणाली, "राहू दे, उतरतच नाही आता."

मसाल्याचं लोणी तव्यासाठी नसतंच. ते स्टेक खाली उतरवल्यावर वर ठेवायचं असतं. आपल्याआपण वितळतं, मांसावरून ओघळतं, आणि ताटलीत साठलेल्या रसात मिसळून त्याचं आयतं सॉस होतं.

दुसऱ्या दोन तुकड्यांच्या वेळी मुलीनं माझ्या हातातून उलथनं काढून घेतलं आणि त्याऐवजी घड्याळ दिलं. मी सेकंद मोजायचे, तिनं उलटायचं. वर पाणी साठलेलं नव्हतं, कारण एव्हाना चाळीस मिनिटं होऊन गेली होती आणि मीठ मुरलं होतं. थोडा ओलावा होता तो तिनं स्वच्छ फडक्यानं टिपला. फडक्यानं टिपता येतं, हे मला सुचलं नव्हतं. एक्कावन्नला उतरवले.

आता विश्रांती. किमान पाच मिनिटं. लगेच कापला तर आतला रस पातळ असतो, भळाभळा वाहून जातो. जरा निवला की तोच दाट होऊन आत टिकतो. म्हणून प्रत्येकावर हिरव्या ठिपक्यांची एकेक चकती ठेवून आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो. चकतीची कड आधी चमकली, मग ती एका बाजूला कलली, मग सावकाश घसरली. लिंबाचा आणि लसणाचा वास धुराच्या वासावर मात करून वर आला. कोणी बोलत नव्हतं. मी बोट पुढे केलं. मुलीनं ते बाजूला केलं.

"दोन दिवसांत या घरात फक्त याला विश्रांती मिळाली," बायको म्हणाली.

ते दोन तुकडे मी बायकोला आणि मुलीला वाढले. स्नायूंच्या धाग्यांना आडवे काप, आतून गुलाबी. सुरी टेकवली की मांस तुटत होतं. बायकोनं पहिला घास खाल्ला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "हिनं छान केलंय."

बुटाचे तळवे मेहुण्यानं आणि मी वाटून घेतले. माझ्या तुकड्यावर मी तीन चकत्या ठेवल्या. वर लोणी असेल तर चामडंही गिळता येतं, हे मी स्वानुभवानं सांगतो. मेहुणा मात्र मन लावून चावत होता. बराच वेळ चावत होता. शेवटी म्हणाला, "एक नंबर, दाजी. पूर्ण शिजलाय. आणि ते लोणी तर काय! उरलं असेल तर द्या ना थोडं."

मला भरून आलं. अर्धी वळी उरली होती, ती सगळी डब्यात घालून दिली. वर बजावलं, कच्चा लसूण आहे, दोन-तीन दिवसांत संपव, नाहीतर फ्रीझरमध्ये टाक.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. आवाज जरा पडलेला होता.

"दाजी, ते लोणी आईनं टाकून दिलं हो. हिरवं पडलं होतं म्हणाली. पण डबा घासून ठेवलाय."