मावशी, हप्ता भर

रविवारी रात्री धायरीहून मावशीचा फोन आला. "अगं, बँका म्हणे पैसे हवेतून काढतात. मग आपण हप्ता कशाला भरायचा?" मावसभावाच्या फ्लॅटच्या कर्जाला ती सहकर्जदार आहे. सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक लांबलचक मेसेज तिने मलाही पाठवला. त्यात म्हटलंय, रिझर्व्ह बँक खासगी कंपनी आहे. नोटेमागे सोनं नाही, म्हणजे नोट नुसता कागद. बँक स्वतःचं काही देतच नाही, म्हणून कर्ज बेकायदेशीर, आणि अमेरिकेच्या कोर्टाने हे मान्यही केलंय. आपल्या गावगाड्यात पैसा नव्हता आणि सगळे सुखी होते. म्हणून पुढच्या महिन्यापासून हप्ते बंद करा, म्हणजे ही 'व्यवस्था' कोसळेल.

मी वीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. असलं काही वाचून गप्प बसणं मला जमत नाही.

आधी कोर्टाचं, कारण मावशी भुलली ती त्यालाच. खटला खरा आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात क्रेडिट रिव्हर नावाच्या लहानशा गावात एका वकिलाने घरकर्ज थकवलं आणि बँकेने हा पैसा नुसत्या नोंदीने तयार केला, म्हणून करारच रद्द, असा बचाव केला. स्थानिक न्यायाधीश स्वतः वकील नव्हता. त्याच्यासमोर ज्युरीने वकिलाच्या बाजूने कौल दिला. मेसेज इथेच थांबतो. बँकेने लगेच अपील केलं, असा निकाल द्यायचा त्या न्यायाधीशाला अधिकारच नव्हता असं ठरलं आणि निकाल रद्द झाला. १९७१ मध्ये त्या वकिलाची सनदही गेली. हे शेपूट कापून मेसेज फिरवणाऱ्याने मावशीचं घर पणाला लावलंय.

इथे काय होतं ते मी टेबलापलीकडून पाहिलंय. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला, तर २००७ च्या पेमेंट कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. मग २००२ च्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस, आणि तरीही भरलं नाही तर बँकेला दिवाणी दावा न लावता घर ताब्यात घ्यायची कारवाई सुरू करता येते. त्या वेळी 'पैसा हवेतून आला' म्हणून कुणी ऐकून घेत नाही.

आता पैसा हवेतून येतो का? बऱ्याच अंशी हो, नाइलाजाने मान्य करते. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये स्पष्ट लिहिलं की बँका आधी ठेवी गोळा करून मग त्या कर्जाऊ देत नाहीत. कर्ज देतानाच नवी ठेव निर्माण होते. पण तोच लेख सांगतो की कर्ज फिटलं की तो पैसा नाहीसा होतो. आणि मधल्या काळात मावशीच्या नावावरच्या त्या आकड्याने बिल्डरने सिमेंट घेतलं, गवंड्यांची मजुरी दिली. बिल्डरचं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेला ती रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या शिलकीतून चुकती करावी लागते. आकडा नोंदीतून आला असेल, फ्लॅट नोंदीतून आलेला नाही.

मावशीला मी तिच्या भिशीची आठवण दिली. बारा जणी आहेत. पहिल्या महिन्यात जिने भिशी उचलली, तिने दुसऱ्या महिन्यापासून "पैसा नुसता फिरतोच आहे, मी कशाला भरू" म्हटलं तर? मावशी म्हणाली, "तिच्या घरी जाऊन बसेन मी." सगळ्यांनी हप्ते थांबवले तर 'व्यवस्था' नंतर कोसळेल, आधी ठेवीदार अडकतील. पुण्यात हे सांगावं लागू नये. इथल्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मधली वर्षं ठेवीदारांनी कशी काढली, हे पेठांमधल्या पेन्शनरांना विचारा.

रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये खासगी भागधारकांची होती, हे खरं. १ जानेवारी १९४९ ला तिचं राष्ट्रीयीकरण झालं. सोन्याचंही अर्धंच खरं: राखीव साठ्यात किमान ११५ कोटींचं सोनं ठेवायचं बंधन आहे, पण नोटा त्या प्रमाणात छापत नाहीत.

गावगाड्याचं मात्र सोडवत नाही. पैसा नव्हता म्हणे! शिवराई हे नाणं काय होतं मग? पुणे जिल्ह्यातल्याच सुप्याला १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. आणि बलुत्यात सुखी कोण होतं? महार वतनाच्या राबणुकीविरुद्ध बाबासाहेबांना १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणावं लागलं. ज्याला मोबदला ठरवायचा हक्कच नव्हता, त्याचं सुख या मेसेजवाल्याने परस्पर लिहून टाकलं.

पैशाच्या व्यवस्थेवर टीका व्हायलाच हवी. पर्यायही आहेत. १९३२ मध्ये ऑस्ट्रियातल्या वोर्गल गावाने दर महिन्याला एक टक्का किंमत उतरणाऱ्या स्वतःच्या नोटा काढल्या, म्हणजे लोक त्या दाबून ठेवणार नाहीत. त्यातून कामं झाली. पुढच्या वर्षी मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं. स्वित्झर्लंडमध्ये १९३४ पासून छोटे व्यावसायिक 'विर' नावाच्या चलनात आपसात उधारी चालवतात. दोन्हींकडे देणं हे देणंच होतं. वोर्गलचे लोक तर त्या नोटांनी थकलेले कर भरत होते.

मावशीचा खरा राग वाढलेल्या व्याजावर आहे आणि तो रास्त आहे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेला नियम आहे: बदलता दर वाढला की हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची, हा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायचा असतो. मावशीला तो कुणी विचारलेलाच नाही. शुक्रवारी तिच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज देणार आहोत. पाच तारखेचा हप्ता त्याआधी जाईल.