बेंचवर कोण होतं?

चारची फुटबॉल मॅच बघून आत्ता घरी आलोय. चहा समोर गार होतोय, पण आधी हे लिहितो, नाहीतर आज झोप लागायची नाही.

३-० हरलो. आमच्या तालमीचं, म्हणजे पेठेतल्या आमच्या संघाचं नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. आणि हरलो म्हणून लिहीत नाही राव. वडलांचा हात धरून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर यायचो तेव्हापासून बघतोय, पाच-पाच गोल खाल्लेले बघितलेत, टायब्रेकरला गेलेल्या फायनली बघितल्यात, दुसऱ्या दिवशी पेठेतनं मान खाली घालून फिरलोय. ते सगळं पचतं. आजचं पासष्टावं मिनिट पचंना झालंय.

आपला स्टॉपर, म्हणजे गोलसमोर उभा राहून अडवणारा, चार नंबर, हेडिंगला उडाला आणि खाली येताना घोटा वळला. तेव्हा ०-१ होतं, मॅच अजून हातात होती. पोरगं उठलं, दोन पावलं टाकली, परत बसलं, परत उठलं. आणि बेंचकडं बघितलं. मी बेंचच्या मागंच जाळी धरून उभा होतो, त्यामुळं ती नजर मला सरळ दिसली. बेंचवर होतं कोण? मॅच सुरू झाली तेव्हाच तिघं होते. एक हाफ, मधल्या फळीतला, ज्याचा हॅमस्ट्रिंग, मांडीमागचा स्नायू, गेल्या आठवड्यात गेलाय आणि जो निव्वळ बाक रिकामा दिसू नये म्हणून किट घालून बसलेला. एक सतरा वर्षांचा पोरगा, बारावीचा पेपर दोन दिवसांवर असताना आलेला, तो हाफटाइमलाच आत गेला होता. आणि तिसरा आपला दुसरा गोलकीपर.

त्या गोलकीपरनं हातमोजे काढले, बाकावर नीट जोडून ठेवले, एक जादाचा टीशर्ट अंगात घातला आणि फॉरवर्डला खेळायला गेला. फॉरवर्ड मागं स्टॉपरला आला. पुढं काय व्हायचं ते झालं, दहा मिनिटांत दोन गोल.

आणि तो टीशर्ट कुणाचा होता माहिताय? यंदाच्या खेळाडू नोंदणीत दुसऱ्या पेठेच्या संघात गेलेल्या आपल्याच पोराचा. तो गेला, टीशर्ट तेवढा किटच्या पिशवीत राहिला.

वर गॅलरीतनं आपलाच एक माणूस ओरडत होता, "अरे पळ की, रडतोस काय!" त्या घोटा सुजलेल्या पोराला. मी वळून बघितलं, बोललो नाही. आता बोलतो. भावा, तू ज्याला रडका म्हणालास ते पोरगं सकाळी सातला शिरोलीला फर्स्ट शिफ्टला जातं, तीनला सुटलं की गाडी मारत ग्राउंड गाठतं, आणि आज चौथी मॅच सलग पूर्ण नव्वद मिनिटं खेळायच्या तयारीनं उतरलं होतं कारण त्याच्या जागी खेळणारा दुसरा माणूस आपल्याकडं नाहीच. तुझ्या कारखान्यात एका मशीनवर एकच माणूस तिन्ही पाळ्या करतो का?

ती बेंचकडं बघायची नजर मला माहिताय. २०११ साली मी तसंच बघितलं होतं.

जुने मित्र जाणतात, मी लेफ्ट बॅक, डाव्या बाजूला बचावाला खेळायचो. लीगची मॅच, विसाव्या मिनिटाला टॅकल केलं आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी आवाज झाला. लाकडी पट्टी मोडावी तसा. मी बेंचकडं बघितलं. आमचे तेव्हाचे कोच दुसरीकडं बघायला लागले. वाईट माणूस नव्हता तो, माझ्यावर पोटच्या पोरासारखी माया करायचा. पण त्यांच्याकडं देण्यासारखा माणूस नव्हता, त्यामुळं त्यांनी नजर चुकवली. स्प्रे मारला, क्रेप बँडेज घट्ट बांधलं आणि मी उरलेली सत्तर मिनिटं खेळलो. १-० नं जिंकलो. खांद्यावर घेऊन पेठेत आणलं मला. त्या रात्री मला वाटलं आयुष्यात यापेक्षा मोठं काही नसतं.

महिन्याभरानं एमआरआय केला. लिगामेंट पूर्ण तुटलेलं. डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी थांबला असतास तर आतली गादी तरी वाचली असती.

पुन्हा खेळलो नाही. चोवीस वर्षांचा होतो.

म्हणून आज सांगतो, ही पोरं कमी पडत नाहीत. त्यांच्या मागं उभं राहायला कोणी नाही, ते कमी पडतंय. आता जगभर एका मॅचला पाच माणसं बदलता येतात. नियम झाला, चांगला झाला. पण बदलायला पाच माणसं पाहिजेत की. आमच्याकडं नोव्हेंबरला कागदावर वीस नावं होती. दोन नोकरीसाठी पुण्याला गेले, एकाचं लग्न झालं आणि घरच्यांनी बंद केलं, तिघं जायबंदी, दोघांना शिफ्ट बदलून मिळत नाही. उरले बारा-तेरा. लीग झाली की लगेच टुर्नामेंटा, एक संपली की दुसरी, हाडाला विश्रांती नाही. मार्चपर्यंत अकरा तरी उभे राहतील का ही भीती आहे मला, आणि सातपेक्षा कमी झाले की मॅचच बंद करावी लागते.

कोण म्हणेल, लिस्टर सिटीनं २०१६ ला जवळपास तेच अकरा घेऊन प्रीमियर लीग जिंकली की. जिंकली, मान्य. त्यांच्याकडं फिजिओ होते, डॉक्टर होते, दुखापती कमी झाल्या. आपल्याकडं बर्फाची पिशवी समोरच्या रसाच्या गाड्यावरून आणतात.

आता संघ चालवणाऱ्या मंडळाबद्दल. लई राग आलाय म्हणून स्पष्टच लिहितो. गणपतीत डॉल्बीला आपल्याकडं पैसे असतात. कुठल्या नेत्याचा वाढदिवस असला की चौकात एकावर एक डिजिटल बोर्ड लागतात, त्याला असतात. २०२२ ला अर्जेंटिना जिंकली त्या रात्री आपण किती फटाके उडवले आठवा, मीही होतो, पहाटेपर्यंत नाचलोय. मेस्सीचं कटआउट उभं करायला वर्गणी एका दिवसात जमली. आणि स्वतःच्या संघातल्या पोराच्या घोट्याचा एक्स-रे त्यानं स्वतःच्या खिशातनं काढायचा? माझ्या ऑपरेशनला वडलांनी पीएफ मोडला होता. तालमीतनं सगळे भेटून गेले, पेढे देऊन गेले, खर्चाचा शब्द कुणी काढला नाही आणि वडलांनीही मागितला नाही. रात्री दवाखान्यात कोण बसलं? माझ्याबरोबर खेळणारी दोन पोरं. एकाची दुसऱ्या दिवशी मॅच होती तरी बसला.

थांबा. इथं जरा अन्याय होतोय माझ्याकडनं. आत्ताच्या मंडळातले दोघं-तिघं स्वतःच्या दुकानातले पैसे घालून संघ चालवतात हे मला माहिताय. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरताना बघितलंय त्यांना, लोक कसं तोंड फिरवतात तेही बघितलंय. त्यांच्यावर माझा राग नाही. आपल्या सगळ्यांवर आहे. आपण हजारोंनी मॅच बघायला येतो, हलगी वाजवतो, वर्गणी मागितली की "पुढच्या महिन्यात या."

आणि सोडून गेलेल्या पोराला ग्रुपवर काय काय बोलताय सगळे, ते बंद करा. गद्दार म्हणे. त्याला तिकडं दोन पैसे जास्त मिळाले, दुखापत झाली तर बघू असं कोणीतरी तोंडानं तरी म्हणालं. त्याची आई धुणीभांडी करते. मला २०११ ला कोणी असं म्हणालं असतं तर मीही गेलो असतो. टीशर्ट इथंच ठेवून गेलो असतो.

परदेशी खेळाडूंवरही लोक घसरतात. नायजेरियाची पोरं इथं वर्षानुवर्षं येतात, जीव तोडून खेळतात, एका खोलीत चौघं राहतात, आपल्या पेठेतल्या बायका त्यांना सणाला पोळी नेऊन देतात. त्यांचा काय दोष? दोष आपला, की सगळा पैसा दोन-तीन बाहेरच्या खेळाडूंवर टाकायचा आणि खाली पोरांची फळी उभीच करायची नाही. मग त्यातला एक जायबंदी झाला की हंगाम बसला. यंदा तेच झालंय.

२०२५ च्या फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडची टॉटनहॅमविरुद्धची मॅच मी रात्री जागून बघितली होती. एवढा मोठा क्लब, बेंचवर आठ पोरं विशीच्या आतली. वरच्या संघातले बरेच जण जायबंदी. हरले १-०. तेव्हा आपल्या ग्रुपवर लई चेष्टा झाली त्यांची. मी आज जाळी धरून उभा होतो तेव्हा मला तेच आठवत होतं, की हरले, पण आठ पोरं होती ना! त्यांच्याच क्लबनं सांभाळलेली. आपल्याकडं आठ सोडा, ऐनवेळी उभी करायला तीन नाहीत.

आणि पोरं नाहीत असं कोण म्हणतं? गांधी मैदानात संध्याकाळी जाऊन बघा. अनवाणी पोरं दोन विटा ठेवून खेळत असतात आणि त्यातल्या एखाद्याचा पहिला टच असा की बघत राहावं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडनं खेळला, वडील रिक्षा चालवायचे. दिल्लीत अमेरिकेविरुद्ध तो उतरला तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहिलो होतो, खाली बसवेना. पण तो लहानपणीच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत, सरकारच्या क्रीडाशाळेत गेला, तिथं घडला. इथं राहिला असता तर आपण त्याला सोळाव्या वर्षी सिनियरला उतरवला असता, सलग पाच मॅच खेळवला असता, आणि गुडघा गेल्यावर पेढे दिले असते. हे वाचून कुणाला राग येईल, येऊ दे.

खालच्या गटात जाऊ म्हणून सगळे घाबरलेत. मीही घाबरलोय, लीगमधले १६ संघ म्हणजे या शहराची इज्जत आहे, त्यातनं आपलं नाव गेलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा नाही. पण त्या भीतीनं त्या चार नंबरला पुढच्या मॅचला परत पट्टी बांधून उतरवू नका. हात जोडून सांगतो. हरलो तर हरू दे. दहा जण घेऊन खेळा. मी आज अडतीसचा आहे, जिना उतरताना कठड्याला धरतो. पोरगी विचारते, बाबा, तू माझ्याबरोबर पळत का नाहीस. १-० नं जिंकलेली ती मॅच कुणाविरुद्ध होती हे पेठेत आज चार जणांना तरी आठवत असेल का मला शंका आहे.

मॅच संपल्यावर मी खाली गेलो होतो. पोरगं पाय पाण्यात घालून बसलेलं. दुसरा गोलकीपर त्याच्या शेजारी, हातमोजे मांडीवर. दोघंही गप्प. मी म्हटलं, "एक्स-रे काढायला चल, गाडी आहे माझी." म्हणाला, "नको दादा, सकाळी शिफ्ट आहे." मी ऐकलं नाही, दोघांनी उचलून नेला त्याला. हाड शाबूत आहे. लिगामेंट ताणलंय, तीन आठवडे खेळायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्या चिठ्ठीचा फोटो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय, बघितला नाही असं कुणी म्हणायचं नाही.

परत येताना गाडीवर मागनं विचारतंय, "दादा, रविवारी स्टॉपरला कोण खेळणार?"

मला उत्तर देता आलं नाही. मीही दुसरीकडंच बघितलं.

तर रविवारचं मंडळ बघेल. मी उद्या सकाळी सहाला गांधी मैदानात असणार आहे, आणि परवाही, आणि रोज. मला पळता येत नाही, पण उभं कसं राहायचं, अंगावर आलेल्या फॉरवर्डला बाहेर कसं ढकलायचं, टॅकलला पाय कधी घालायचा नाही, हे सांगता येतं. बारा ते सोळा वयाची पोरं पाठवा. पैसे नाहीत. बॉल चार आहेत, अजून कुणाकडं पडून असतील तर आणून द्या. बूट नसले तरी पाठवा. ज्यांच्याबरोबर मी खेळलो त्यातले कोण कोण येणार ते खाली लिहा.