पाल्याच्या मनोगतासह अर्ज

माझ्या नववीतल्या भाच्याच्या शाळेत अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मर्यादांवर दोन तास झाले आणि त्याच आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरू लागला: घटनेने हे स्वातंत्र्य अमर्याद दिले होते, मर्यादा सरकारने मागाहून घुसडल्या, अठरा वर्षांखालील मुलांना हा हक्कच नाही, म्हणून त्यांना मर्यादा शिकवणे निरर्थक आहे, आणि ‘जसे आले तसे पाठवले’ असे लिहिले की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपते. हे तास बंद करण्याची मागणी पालकांनी पाल्याच्या मनोगतासह करावी, असेही त्यात आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या ताईने वहीचे पान फाडून तसा अर्ज लिहूनही ठेवला आहे, म्हणून हा खटाटोप.

पहिल्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने निर्बंधांसाठी सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी कारणे वाढवली. परंतु बदनामी, न्यायालयाचा अवमान आणि नीतिमत्ता ही कारणे 1950 च्या मूळ मजकुरातही होती, आणि निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अट त्याच दुरुस्तीने घातली, हे संदेशात सोयीस्करपणे गाळले आहे.

मुलांना हक्कच नाही, हे मात्र धडधडीत खोटे आहे. अनुच्छेद 19 ‘सर्व नागरिकांना’ म्हणतो. वयाची अट घालत नाही. केरळातील दहावी, नववी आणि पाचवीतली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. ऑगस्ट 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला आणि स्पष्ट केले की, शिक्षण खात्याची परिपत्रके म्हणजे कायदा नव्हे, त्यांच्या जोरावर या हक्कावर निर्बंध घालता येत नाहीत. म्हणजे मर्यादांचा धडा नीट शिकलेल्या मुलाला मुख्याध्यापकांच्या अधिकाराचीही मर्यादा कळते. (काही शाळांना नेमके हेच नको असते, ही गोष्ट वेगळी.) ताई तोच तास बंद करायला निघाली आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर कोल्हापूरकराला फार सांगायला नको. मोबाइलवरच्या स्टेटसवरून 7 जून 2023 रोजी या शहरात बंद, दगडफेक, लाठीमार आणि नंतर इंटरनेटबंदीही झाली. संदेश पुढे पाठवणाराही त्याला जबाबदार असतो, असे मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी म्हटले आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, हवेत विरत नाही.

मनोगताचा कागद अजून कोराच आहे. भाचा विचारतो, ‘मला बोलायचा हक्कच नाही, तर यावर लिहू काय?’