झाकण उघडून रॅम मोजू नका

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड लॅपटॉपची चौकशी वाढली, आणि रॅमबद्दल, म्हणजे लॅपटॉपच्या चालू कामाच्या मेमरीबद्दल, व्हॉट्सॲपवर हा मेसेज फिरतोय: "खालचं झाकण उघडा. आत दिसेल तेवढीच रॅम खरी. स्क्रीनवर जास्त दिसली तर दुकानदार फसवतोय, कमी दिसली तर रॅम खराब. आणि रॅम कमी असली तरी बिनधास्त घ्या, नंतर वाढवता येते." यातल्या एकाही वाक्यावर विसंबू नका. पैसे आईवडिलांच्या घामाचे असतात.

"आत दिसेल तेवढीच" हे सगळ्यात घातक. अनेक लॅपटॉपमध्ये काही रॅम मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली असते. तिची वेगळी स्टिक (सुटी पट्टी) नसतेच, मग दिसणार काय? लेनोवोच्या थिंकपॅड टी४४०एसमध्ये ४ जीबी बोर्डवर आणि शिवाय स्टिक बसवायला एक स्लॉट. त्या स्लॉटात ४ची स्टिक असेल तर स्क्रीनवर ८ येणार, आणि ते बरोबरच आहे. टी४३०मध्ये सोल्डर केलेलं काही नाही, पण दुसरा स्लॉट कीबोर्डखाली. दोन्हीकडे झाकणाखाली एकच स्टिक दिसते आणि सरळ व्यवहार करणारा दुकानदार चोर ठरतो. त्यापेक्षा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा पडदा, बघा. मशीन सुरू होताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबा. तिथल्या एकूण आकड्यातून दिसणाऱ्या स्टिकच्या लेबलांवरचे आकडे वजा करा. उरली ती बोर्डवरची किंवा लपलेल्या स्लॉटातली.

"कमी दिसली तर खराब" हेही चूक. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि त्यातलीही काही जागा ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरसाठी राखीव असते. म्हणून ४ जीबी लावूनही वापरायला तीनच्या आसपास मिळते. ६४-बिट विंडोज टाकली की बहुतेक मशीनवर बाकीची मिळते. इंटेल ९४५ चिपसेटच्या (बोर्डवरच्या मुख्य चिपांच्या संचाच्या) जुन्या मशीनवर मात्र तरीही मिळत नाही.

राहिलं "नंतर वाढवता येते". मॅकबुक एअरला २००८च्या पहिल्या मॉडेलपासून रॅमचा स्लॉटच नाही. स्लॉट असला तरी कुठलीही स्टिक चालत नाही: चौथ्या पिढीच्या इंटेल कोअर प्रोसेसरच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल (कमी व्होल्टची रॅम) लागते, १.५ची साधी डीडीआर३ नव्हे. तेव्हा पैसे देण्याआधी तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये स्लॉट किती, कमाल रॅम किती, ते तिथेच मोबाइलवर बघून घ्या.