बाकावरचं नेपाळ

आज पुतण्याच्या शाळेत 'ग्लोबल सिटिझन डे' होता. भावाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. शाळेचं नाव लिहीत नाही. बोर्ड सीबीएसई, नावात इंटरनॅशनल, आणि फी ऐकून आमच्या आईने देवापुढे हात जोडले होते, एवढं पुरे.

हॉलमध्ये देशादेशांचे स्टॉल. जपानच्या पोरी किमोनोत, फ्रान्सला पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर. भिंतीवर संयुक्त राष्ट्रांची 17 उद्दिष्टं रंगीत चौकोनांत. 2015 साली ठरली, 2030 पर्यंत गाठायची. दहावं उद्दिष्ट विषमता कमी करण्याचं. त्याच्या बरोबर खाली थकलेल्या बस-फीची नोटीस. मुद्दाम लावली नसणार, मुद्दाम असा विनोद जमत नाही.

पुतण्या नेपाळच्या स्टॉलवर. डोक्याला ढाका टोपी, पुढ्यात मोमो, मागे एव्हरेस्ट. राजधानी, उंची, दोन त्रिकोणांचा झेंडा, सगळं इंग्रजीत खडाखडा. मी विचारलं, "नेपाळच्या कुणाशी कधी बोललायस का रे?"

"नाही काका, मिसनी व्हिडिओ दाखवला."

अरे, आपल्या आंब्याच्या बागेतल्या मांगरात, राखणदाराच्या खोपीत, कोण राहतं मग?

पोरावर चिडलो नाही. त्याला कुणी दाखवलंच नाही. पण घरी येईपर्यंत डोकं तापलं ते तापलंच. मंडळी, रत्नागिरीत किती बागांची राखण नेपाळ्यांवर चालते ते तुम्हाला मी सांगायला नको. मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात बोटीवर चढून बघा, जाळं ओढणारे कितीतरी खलाशी कुठले आहेत. 1950 च्या करारामुळे त्यांना इकडे यायला पासपोर्ट लागत नाही. दिवाळीनंतर येतात, वानरं हाकतात, रात्री बॅटरी घेऊन कलमांखालून फिरतात, पावसाआधी परत जातात. आणि आपण सगळ्यांना मिळून एकच नाव ठेवलंय, बहादूर.

आमच्या राखणदाराचा पोरगा यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. मी घातला नाही हो, श्रेय बाईंचं आहे. त्यांच्या शाळेचा पट विसाच्या आत, पोरं शोधत फिरणं त्यांच्या नशिबालाच आलेलं. स्कूटी रस्त्याला लावून चिऱ्यांच्या पायवाटेने मांगरापर्यंत चढून आल्या. बापाला हिंदीत समजावलं, पोराचं वय विचारलं, दुसऱ्या दिवसापासून हा वर्गात. दाखला नाही, काही नाही. 2009 चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो की वयाच्या पुराव्यावाचून प्रवेश अडवायचा नाही. बाईंनी तो पाळला. बस.

पहिल्या दिवशी पोरं त्याला 'ए बहादूर' म्हणाली. घरी ऐकलेलं तेच बोलणार. बाईंनी त्याचं खरं नाव फळ्यावर लिहिलं आणि नीट उच्चारता येईस्तोवर अख्ख्या वर्गाकडून म्हणवून घेतलं. मग भिंतीवरच्या भारताच्या नकाशापाशी त्याला उभा केला. आपल्या नकाशात नेपाळ म्हणजे वरच्या अंगाला एक कोरी पट्टी. बाईंनी विचारलं तुझं गाव कुठे, तर त्याने त्या कोऱ्या जागेवर डावीकडे बोट ठेवलं. कैलाली जिल्ह्याचा आहे. खडूने तिथे एक ठिपका आला, त्याच्याजवळून वाहणारी कर्णाली नदी आली. पोरांनी विचारलं, "तुमच्याकडे समुद्र नाय?" नाही म्हटल्यावर त्यांना त्याची दया आली म्हणे.

संक्रांतीपर्यंत गडी मराठीत भांडायला लागला. परवा माझ्याच देखत, "माजा रबर दे आधी!"

आता मला सांगा, जागतिक नागरिक कोण घडवतंय?

इंटरनॅशनल शाळांचं मूळ काय आहे? 1924 साली जिनिव्हात लीग ऑफ नेशन्स (संयुक्त राष्ट्रांच्या आधीचा राष्ट्रसंघ) आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी अशी शाळा निघाली. नाना देशांची पोरं खरोखरच एका बाकावर बसत होती, म्हणून तसं शिकवावं लागलं. पुढे 1968 ला आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हे आंतरराष्ट्रीय बोर्ड आलं, तेही जिनिव्हातच. आपल्याकडे त्यातली पोस्टरं आली, बाक तेवढा आला नाही. तो आहे बाईंच्या वर्गात.

हो, माहीत आहे, बाईंच्या शाळेत एक शिक्षिका आणि चार इयत्ता आहेत, आणि इंग्रजीच्या नावाने आनंद आहे. आणि हेही मान्य की पुतण्या स्टेजवर न घाबरता बोलला. त्याच्या वयात मी पाहुणे आले की माळ्यावर चढायचो.

पण म्हणून काय पैसे भरून जगाचा व्हिडिओ बघायचा? याच पोरांना दरवर्षी थिबा पॅलेसला नेतात, रांगेत फोटो काढतात, परत आणतात. ब्रह्मदेशाचा राजा थिबा, त्याला इंग्रजांनी 1885 ला पदच्युत करून आपल्या गावात आणून ठेवला, 1916 ला तो इथेच गेला. त्याची नात इथेच राहिली, मराठीत बोलली, मराठी माणसाशी संसार केला, गरिबीत दिवस काढले. परदेशातून आलेल्या माणसाशी गाव कसं वागतं, याचा याहून मोठा धडा कुठल्या पुस्तकात सापडणार? मॅडम म्हणाल्या, ते सिलॅबसमध्ये नाही.

2014 ला युरोपने फळमाशीवरून आपला हापूस बंद केला, आठवतंय ना? मे महिन्यात, ऐन हंगामात. ब्रुसेल्समध्ये कोणी सही करतो आणि इथल्या पावस गावाजवळच्या बागायतदाराच्या पेट्या अडकतात. तेव्हा आमच्या आईलासुद्धा युरोपियन युनियन म्हणजे काय ते कळलं. पुतण्याला अजून कळलेलं नाही, आणि तो 'ग्लोबल' आहे.

लिहितालिहिता राग जरा उतरला. मिस तरुण आहे, मनापासून धडपडते. मोमो तिने घरून करून आणले होते, चांगले होते. संध्याकाळी पुतण्याला म्हटलं, रविवारी बागेत चल, मांगरात तुझ्याच वयाचा एक जण आहे. तर वहिनी म्हणाली, "भावोजी, रविवारी त्याचा रोबोटिक्सचा क्लास असतो." पुन्हा चढला.

असो. बागायतदार मित्रांनो, तुमच्या मांगरात सहा ते चौदा वर्षांचं पोर असेल तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत कळवा, कागद नाहीत म्हणून थांबू नका. आमच्या बाईंचा नंबर हवा तर मला फोन करा. सकाळी नऊच्या आत नको, आंब्यावर तुडतुड्या किडीसाठी फवारणी चालू आहे.